खंडवहन की खंडविप्लव?

प्रश्न : खंड आपली जागा सोडून सरकतात, या वेगेनरच्या सिद्धांताला कुठे 'खंडवहन' म्हणतात, कुठे 'खंडविप्लव'. अर्थात काही फरक आहे का? आणि 'भूपट्ट सिद्धांत' हाही त्याचाच का?

उत्तर : पहिले दोन शब्द एकाच कल्पनेचे आहेत. आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रांकफुर्टच्या व्याख्यानात त्याने ही कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये तिचं पुस्तक केलं. त्याचा स्वतःचा शब्द 'फेर्शीबुंग', म्हणजे सरकणं, जागा बदलणं. इंग्रजीत त्याचं 'ड्रिफ्ट' झालं आणि आपलं 'वहन' त्या ड्रिफ्टच्या वळणाचं आहे.

'विप्लव'मध्ये 'प्लु' धातू आहे : तरंगणे, पोहणे. वेगेनरच्या मते खंड हे हलक्या खडकांचे असून खालच्या जड थरात हिमनगांसारखे तरंगतात, म्हणून व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्द चपखल बसतो. पण आज 'विप्लव' वाचलं की बंड, उलथापालथ आठवते. अटलांटिक रुंदावतो तो वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरने! विद्यार्थ्यांसाठी 'खंडवहन'च बरा.

दुसरं मत : मला 'वहन'ही खटकतो. भारवहन, उष्णतावहन म्हटलं की वाहून नेणारं कोणीतरी असतं. खंडांना कोण वाहून नेतं?

उत्तर : वेगेनरला त्याच्या टीकाकारांनी नेमकं हेच विचारलं होतं. किनारे एकमेकांत बसतात, मेसोसॉरस या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेतही सापडतात, हे पुरावे त्याच्याकडे होते. पण खंड हलवणारं बळ म्हणून त्याने पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि भरती-ओहोटीमुळे निर्माण होणारी जी बळं सुचवली, ती फारच क्षीण ठरली. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीजने त्यावरच बोट ठेवलं. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर वेगेनरचा मृत्यू झाला तेव्हा हा प्रश्न तसाच होता. समुद्रतळ पसरतो हे १९६० च्या दशकात उलगडलं आणि खंड हे भूपट्टांवर, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या मोठ्या तुकड्यांवर, बसून सरकतात असं चित्र उभं राहिलं. त्या चित्रात समुद्राचा तळही सरकतो, वेगेनरच्या चित्रात खंड त्या तळातून वाट काढत जातात. म्हणून 'वेगेनरचा भूपट्ट सिद्धांत' असं कृपया लिहू नका. परीक्षेच्या मार्गदर्शकांत ही चूक फार वाईट, कारण जवळजवळ पन्नास वर्षांचा सगळा वाद त्यात पुसला जातो.

आणखी एक : दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला 'गोंडवनलँड' लिहावं की 'गोंडवन'?

उत्तर : 'गोंडवन'. गोंडांच्या प्रदेशाचं नाव आहे ते. 'लँड' ही ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एड्युअर्ड झ्यूसने एकोणिसाव्या शतकात घातलेली भर, वेगेनरच्याही आधीची. वेगेनरच्या बाजूने साक्ष देणारी ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची जीवाश्म पानं नागपूर-चंद्रपूरकडच्या गोंडवन खडकांत मिळतात. तिथे कोळशालाही 'गोंडवन कोळसा'च म्हणतात, 'लँड' कोणी लावत नाही.