अनुभव धागा: अकरावीतलं पोरगं, जुनी फास्ट गाडी आणि साठवलेले पैसे

चाटीगल्ली१३
सोलापुरात आसरा चौकात फियाटची पालिओ १.६ जीटीएक्स दिसली, नंबर अजून एमएच-१३चा. २००१-०२ ला शंभर हॉर्सपॉवरची ही गाडी आली तेव्हा कॉलेजातली पोरं कशी वेडी झाली होती ते आठवलं. शेजारचा अकरावीतला मुलगा आता तसलीच एखादी जुनी गाडी घ्यायची म्हणून पैसे साठवतोय. त्याच्या वहीत फक्त गाडीची किंमत लिहिलेली आहे. बेल्ट, टायर, कागदं, विमा, कशाचाच पत्ता नाही. गाडीचं लायसन १८ शिवाय मिळत नाही, म्हणजे हाताशी वेळ आहे. जाणकारांनी लिहा. "आमच्या वेळी" नको, आकडे टाका.

कडकभाकरी
स्पोर्ट्स गाडी म्हणजे काय बे? आपल्याकडं गतिरोधकावर पोट न घासता जी पार होते ती स्पोर्ट्स.

जुळेकर
आधी पैशाचं. महिना ५,००० ची आरडी, २४ महिने, व्याज ६.५ टक्के धरलं तर शेवटी साधारण १ लाख २८ हजार हातात येतात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती इथं कामाची नाही, बँकेची घ्या. दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. व्याज मात्र आईवडलांच्या उत्पन्नात धरलं जातं, मुलानं स्वतः काम करून मिळवलेले पैसे त्याचेच राहतात.
एसआयपी करू नका. एक तर दोन वर्षांत लागणारा पैसा बाजारात ठेवायचा नसतो. दुसरं, अल्पवयीनाच्या नावावरचा फंड १८ पूर्ण झाले की गोठतो, नव्यानं केवायसी झाल्याशिवाय एक रुपया निघत नाही. नेमका गाडीचा सौदा ठरतो तेव्हाच हे आठवतं.

कडकभाकरी
५,००० महिना अकरावीतलं पोरगं आणणार कुठनं

सुनंदाताई_शेळगी
पाचवी ते सातवीची चार पोरं शिकवणीला घेतली की निम्मे येतात. सुट्टीत चादर-टॉवेलवाल्यांकडं मोजणी आणि पॅकिंगला हात लागतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत स्टॉलला माणसं कमी पडतात. फक्त मशीनवर पाठवू नका. नळाला पाणी आलं, नंतर लिहिते.

जुळेकर
ताई, तुमच्याकडं किती दिवसांनी आलं?

सुनंदाताई_शेळगी
विचारू नका 🙏

रेल्वेलाईन_काका
कायद्याचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. १८ च्या आत "गल्लीतच फिरवतोय" हे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन नाही. १८ लागले की शिकाऊ लायसन काढा, ते सहा महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. १८ च्या आत झालेला करारच कायद्यात टिकत नाही, त्यामुळं विसार मुलाच्या हातानं देऊ नका.

पिस्टनभाऊ
आता मुद्द्याचं. लाख-दीड लाखात "फास्ट" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वीस वर्षांपुढचं: पालिओ १.६, जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक (१०६ हॉर्सपॉवर), बलेनो सेडान, फिएस्टा १.६.

पालिओ आणि सिटी, दोन्हीला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह तालात ठेवणारा पट्टा. बेल्ट रबरी असतो, किलोमीटरपेक्षा वयानं मरतो. विकणारा म्हणतो "गाडी फक्त ४० हजार फिरलीय", पण बेल्ट दहा वर्षांचा असेल तर तो गेलेलाच समजा. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. या दोन्ही इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते, कारण पंपापर्यंत जायला बेल्ट काढावाच लागतो. आणि जुना पंप ठेवला तर तो गळून नवा बेल्ट खराब करतो.

सिटीत आणखी एक. मे महिन्यात उन्हात उभी केली, सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही, संध्याकाळी गार झाली की एका चावीत चालू. लोक पेट्रोल पंप बदलतात, डिस्ट्रिब्युटर बदलतात. बघायचा असतो डॅशबोर्डखालचा मेन रिले (पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच). आतलं सोल्डर तडकलेलं असतं, उष्णतेनं फट वाढते. चावी ऑनला नेऊन कान द्या, मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज आला पाहिजे. नाही आला तर रिले उघडून परत सोल्डर करा, खर्च चहापाण्याचा.

इंजिन कायम गार असताना बघा. मालकानं "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली" म्हटलं की बोनेटला हात लावून परत जा, दुसऱ्या दिवशी सकाळी या. गार स्टार्टला निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील, ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा म्हणजे रिंग. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाला आतून कॉफीसारखा फेस बघा. काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरचं काढा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण एकमेकांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

मुळारजी_बुलेट
पिस्टनभाऊ, बुलेटचं पण असं लिहा की एकदा

पिस्टनभाऊ
वेगळा धागा काढ बे

गिअरवाला
बजेट वाढलं तर सगळे पोलो जीटी टीएसआयवर जातात. ११९७ सीसी, १०५ पीएस, मजा आहे. पण २०२० च्या आधीची घेत असाल तर तिचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बघून घ्या. कोरडे क्लच आहेत, आणि नवी पेठेत गर्दीच्या वेळी अर्धा ब्रेक दाबून इंचइंच सरकवलं की तेच तापतात. चाचणी अशी: सपाट रस्त्यावर फक्त ब्रेक सोडा, गाडी लोण्यासारखी सरकली पाहिजे. पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना थरथरली तर क्लच गेलेत. डिस्प्लेवर गिअरची अक्षरं लुकलुकत असतील किंवा रिव्हर्स कधी पडतो कधी नाही, तर मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलाय. त्याचा खर्च लाखाच्या पुढं जाऊ शकतो, म्हणजे जुळेकरांची अख्खी आरडी. २०२० नंतरचं १.० टीएसआय मॅन्युअल घ्या, ११० पीएस, ही कटकटच नाही.
अबार्थ पुंटोचं नाव कुणी काढलं नाही अजून?

चाटीगल्ली१३
काढा की

गिअरवाला
२०१५ ला आली, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क. मिळत नाही, मिळाली तर मालक सोडत नाही, सोडली तर किंमत तोंडाला फेस आणते. त्यापेक्षा लिनिया टी-जेट शोधा: तेच १३६८ सीसी टर्बो इंजिन, ताकद ११४, दिसायला काकांची गाडी असल्यानं स्वस्त. टर्बोत बघायचं काय? इंटरकूलरच्या रबरी नळ्यांच्या जोडावर तेलाचा ओलावा थोडा चालतो, थेंब नको. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण दाबा. शिट्टीऐवजी फुस्स आवाज आला तर नळी फाटलीय. रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) केलंय का ते सरळ विचारा. लांब पल्ला मारून आल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडल ठेवा. फियाटनं गाड्या बंद केल्या तरी ही गाडी आपल्या रांजणगावात बनायची, पुण्यात सुटे भाग मिळतात.

विजापूरवेस
विजापूर आणि कलबुर्गीकडच्या केए-२८, केए-३२ गाड्या स्वस्त दिसतात. स्वस्त का असतात ते कागदं करताना कळतं. तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग इथं महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार भरून एमएच-१३ नंबर. कर्नाटकातला टॅक्स परत मागता येतो, पण नवीन नोंदणी झाल्यावर, आणि पाठपुरावा आपणच करायचा. दिल्लीच्या गाड्यांचं पण तेच. तिकडं पेट्रोल गाडीला १५ वर्षांची अट आहे म्हणून इकडं पाठवतात.

रेल्वेलाईन_काका
त्यात भर. १५ वर्षं झाली की आरसीचं (गाडीच्या नोंदणीचं) दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५, गाडी तपासणीला न्यावी लागते. शुल्क ५,०००, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००. उशीर केला तर महिन्याला ५०० वेगळे. शिवाय पर्यावरण कर. २००२ ची पालिओ "८० हजारात देतो" म्हणणाऱ्याची आरसी आधी बघा. मुदत संपली असेल तर हा सगळा खर्च तुमच्या गळ्यात.

सुनंदाताई_शेळगी
आले. विम्याचं कुणी लिहिलं का?

जुळेकर
लिहितो. थर्ड पार्टीचा दर सीसीवर ठरतो. १००० ते १५०० सीसी ३,४१६, त्याच्या वर ७,८९७, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. पालिओ १५९६ सीसीची आहे, म्हणजे वरच्या ९६ सीसीसाठी दरवर्षी पाच हजारांपेक्षा जास्त फरक. सिटी व्हीटेक १४९३ ची, खालच्या टप्प्यात बसते, हॉर्सपॉवर उलट जास्तच. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्या.

कडकभाकरी
म्हणजे सिटीच घे म्हणायचं का पोराला 😄 पालिओवाले भांडायला येतील

पिस्टनभाऊ
येतील पण गाडी चालू झाली तर

चाटीगल्ली१३
🤣 पालिओवाल्यांनी उत्तर द्यावं

मुळारजी_बुलेट
टायरचं राहिलं. बाजूला चार अंकी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर आपल्या ४३ डिग्रीत हैदराबाद रोडला फुटायचा धोका असतो. चार टायर धरूनच भाव पाडा.

विजापूरवेस
बोअरचं पाणी रेडिएटरात घालू नका हे पण सांगा त्याला. आपलं पाणी जड, क्षार धरतो, बारीक नळ्या बुजतात आणि उन्हाळ्यात काटा वर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. जुन्या गाडीत आधी फ्लश करा, पण फ्लश केल्यावर गळती सुरू झाली तर घाबरू नका, क्षारानंच भोक बुजवलेलं असतं.

गिअरवाला
आणि ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. २००५ च्या आतल्या गाडीत फ्युएल होज आणि इंजेक्टरचे ओ-रिंग जुन्या रबराचे असतात, फुगतात, तडकतात. पेट्रोलचा वास आला तर तिथंच थांबा. व्हायटनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) ओ-रिंग आणि नवी होज टाका.

सुनंदाताई_शेळगी
पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

पिस्टनभाऊ
ताई, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते, तिथवर धुवायला कुणी जात नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघा, कार्पेट उचलून वास घ्या. सीटखालचे बोल्ट गंजलेले आणि सीट कव्हर कोरं असेल तर नाही म्हणा.

चाटीगल्ली१३
पोराला धागा दाखवला. वहीत आता किंमत दीड लाख आणि खाली "बेल्ट, टायर, आरसी, विमा: ६० हजार". विचारतोय, गाडी नावावर करायचा फॉर्म २९ किती प्रतीत?

रेल्वेलाईन_काका
२९ दोन प्रती, त्याच्या जोडीचा ३० एक, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर दोन. विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्या, कोऱ्या फॉर्मवर नको. आधी वाहन पोर्टलवर ई-चलन बघा, थकलेलं असेल तर ट्रान्स्फर अडतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरची) पाटी बसवलीय का तेही.

कडकभाकरी
शेळगीच्या ताई, पाणी भरून झालं असेल तर शेंगा चटणीचं प्रमाण टाका की