वापरलेला मेटल डिटेक्टर घेताना माहितीपुस्तिकेचा आग्रह धरावा का?

जांबोटीकर:
माझे मत आधीच सांगतो. माहितीपुस्तिका हाती आल्याशिवाय जुना मेटल डिटेक्टर कोणी शेतात नेऊ नये. आणि विकणाऱ्याकडे पुस्तिका नसेल, तर निदान मॉडेलचे पूर्ण नाव कागदावर लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

गेल्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना आमच्या धाकट्या वहिनींच्या बोटातली अंगठी खाचरातल्या चिखलात निसटली. बेळगावातल्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून मी एक यंत्र विकत आणले. ‘चालू आहे, घेऊन जा’ एवढेच त्याने सांगितले. दोन दिवस आम्ही ते यंत्र खाचरावरून फिरवले. एक पितळी कडी सापडली आणि एक जुने नाणे सापडले, म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते; अंगठीचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी पुतण्याने बॅटरीच्या झाकणाखालच्या पुसट पट्टीवरून मॉडेलचा क्रमांक वाचला आणि त्याची स्कॅन केलेली पुस्तिका शोधून काढली. तिच्यात डिस्क्रिमिनेशनच्या, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणाऱ्या, बटणाशेजारी एक छोटा तक्ता होता. आम्ही ते बटण मधोमध ठेवले होते, का तर लोखंडी खिळ्यांचा आवाज नको म्हणून. तक्त्याप्रमाणे त्या जागी खिळ्यांबरोबर अ‍ॅल्युमिनियमची पन्नीही गाळली जाते. आणि सोन्याची बारीक अंगठी यंत्राला जवळजवळ त्या चुरगळलेल्या पन्नीसारखीच भासते. आम्ही बटण शून्याजवळ आणले. मग खिळे, तारा आणि बैलाच्या पत्रीचे तुकडे पुष्कळ उकरावे लागले, पण तिसऱ्या दिवशी दुपारी बांधालगत चार बोटे खोल अंगठी मिळाली. तो तक्ता पहिल्या दिवशी हाती असता, तर रोपांची एवढी तुडवणूक झाली नसती.

पुस्तिका मिळवणे वाटते तितके अवघड नाही. गॅरेट आणि मायनलॅब या मेटल डिटेक्टर बनवणाऱ्या कंपन्या चालू आहेत आणि बंद केलेल्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकाही त्या विनामूल्य देतात. टेसोरो २०१८ साली बंद झाली; व्हाइट्सने २०२० साली काम थांबवले आणि तिचे तंत्रज्ञान गॅरेटने घेतले. अशा कंपन्यांच्या पुस्तिका जुन्या वापरकर्त्यांनी स्कॅन करून जपल्या आहेत. अट एकच, मॉडेलचे नाव अक्षरशः बरोबर हवे, कारण एकाच नावापुढे एखादे अक्षर किंवा आकडा वाढला की बटणांची रचनाच बदलते.

शहापूरचे दुरुस्तीकार:
जांबोटीकरांचा अनुभव मी नाकारत नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मी तीस वर्षे रेडिओ, पंपांचे स्टार्टर आणि अधूनमधून अशी यंत्रेही दुरुस्त करत आलो आहे. पुस्तिका नसल्यामुळे चांगले यंत्र लोकांनी माळ्यावर टाकून दिल्याचे मी जास्त वेळा पाहिले आहे. अशा यंत्राला विचारावे लागते, आणि ते उत्तरही देते. एक खिळा, एक रुपयाचे नाणे, चांदीचे जोडवे आणि घरातली सोन्याची अंगठी जमिनीवर हातभर अंतराने मांडावी आणि प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवून कोणता आवाज केव्हा बंद होतो ते वहीत लिहून ठेवावे. अर्ध्या तासात तुमच्या यंत्राची तुमच्या हातची पुस्तिका तयार होते. जांबोटीकरांनी घरातली दुसरी अंगठी मातीवर ठेवून पाहिली असती, तर पहिल्याच संध्याकाळी दोष कळला असता.

दुसरे असे, की त्या पुस्तिका परदेशातल्या मातीसाठी लिहिलेल्या आहेत. खानापूरच्या पश्चिमेकडे जांभा आहे, त्यात लोह भरपूर. निपाणी-चिकोडीकडची काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यातही चुंबकीय खनिज असते. ज्या यंत्रात जमिनीचा तोल, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज गाळण्याची जुळणी, कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो, ते जांभ्यावर विनाकारण ओरडते आणि त्याची खोलीही कमी होते. अशा ठिकाणी संवेदनशीलता कमी करून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, दोन बोटे उचलून चालवावी, हे मला पुस्तिकेने नव्हे, जांभ्याने शिकवले. कित्येक गिऱ्हाईक कॉइल वस्तूवर स्थिर धरून ‘यंत्र मेले आहे’ असे सांगत येतात. हलत्या कॉइलवर चालणारे यंत्र स्थिर धरल्यावर गप्पच राहणार; हे दाखवायला कागद कशाला हवा?

निपाणीच्या शिक्षिका:
दुरुस्तीकार काकांचा मान राखून मला विरोध नोंदवायचा आहे. त्यांची परीक्षा यंत्र सुरू झाल्यानंतरची आहे. यंत्र सुरू होण्याआधीच जे नुकसान होते, त्याचे काय? व्हाइट्सच्या अनेक यंत्रांना आठ पेनसेल लागतात. साधे सेल प्रत्येकी १.५ व्होल्टचे म्हणजे एकूण १२ व्होल्ट होतात. तेथे जुने चार्जिंगचे १.२ व्होल्टचे सेल घातले, तर ९.६ व्होल्टच मिळतात. मग यंत्रातला बॅटरीचा निर्देशक आपल्याला काय सांगतो आहे, हे पुस्तिका वाचल्याशिवाय कसे समजावे? आमच्या घरी वडिलांनी आणलेल्या यंत्रात सेल उलटे बसवले गेले आणि ते पुन्हा सुरू झाले नाही. सेलच्या घराचे एक चित्र पाहायला मिळाले असते, तर ते वाचले असते. कॉइलचेही तसेच आहे. दुसऱ्या मॉडेलच्या कॉइलची पिन बसते, पण तिची वारंवारता जुळत नाही, म्हणून यंत्र बधिर राहते आणि आपण दोष मातीला देतो.

काकांना तीस वर्षांचा हात आहे. पहिल्यांदा यंत्र धरणाऱ्या माणसाला तो हात नाही. त्याच्यासाठी या पुस्तिकांतील चार पाने, सेल, बटणे, जमिनीचा तोल आणि आवाजांचा तक्ता, मराठीत आणि कन्नडमध्येही उतरवून काढावीत, असे मी सुचवते. आमच्या गल्लीत एका घरात मराठी आणि शेजारच्या घरात कन्नड बोलतात, आणि यंत्र मात्र दोन्ही घरांत फिरते.

हलशीचे रहिवासी:
शिक्षिकाबाईंच्या या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. यंत्रे कशी चालवावीत हे जितके सोपे होईल, तितके आमच्या गावाचे नुकसान वाढेल. हलशी म्हणजे प्राचीन कदंब राजांच्या काळातली पलाशिका नगरी. कदंबांचा जो इतिहास आज आपण सांगतो, त्याचा मोठा आधार म्हणजे हलशीला सापडलेले ताम्रपट. तांब्याचा पत्रा या यंत्राला फार ठळक ऐकू येतो, हे आपण सगळे जाणता. असा एखादा पत्रा जाणकाराच्या हाती लागला तर वाचला जातो, रात्री उकरणाऱ्याच्या हाती लागला तर वितळवला जातो. तो कुठल्या थरात आणि कशाशेजारी होता, ही माहिती तर कोणाच्याही हाती पत्रा लागला तरी एकदा गेली की परत मिळत नाही. देवळाच्या मागच्या बाजूस सकाळी ताजे खड्डे पाहिले की पोटात कालवते.

कायदाही सांगून ठेवतो. १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कर्नाटकाचा याच विषयावरचा स्वतंत्र कायदा १९६२ चा आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. आपले शेत, हरवलेली आपली वस्तू, गाडली गेलेली पाण्याची पाइप, एवढ्यासाठी यंत्र वापरायला माझी हरकत नाही. परंतु पुस्तिका वाटणारा माणूस ती कोणाच्या हाती जाते, हे पाहू शकत नाही.

जांबोटीकर:
हलशीकरांचे म्हणणे वाचून मी बराच वेळ थांबलो. वर ज्या जुन्या नाण्याचा उल्लेख मी सहज करून गेलो, ते अजून माझ्या घरी आहे आणि मी ते कोणाला दाखवलेले नाही. येत्या सोमवारी ते तहसील कचेरीत नेऊन त्याची नोंद करावी लागते का, हे विचारतो.

तरीही पुस्तिका लपवून चोरी थांबेल, हे मला मान्य नाही. रात्री खणणारा माणूस आपले यंत्र पुस्तिकेवाचून केव्हाच शिकलेला असतो. दुरुस्तीकारांनी सांगितलेली खिळा-नाण्याची परीक्षा त्यालाही येते. अडते ते अंगठी हरवलेल्याचे. म्हणून बाईंनी सांगितलेल्या चार पानांना पाचवे पान जोडावे आणि ते हलशीकरांनी लिहावे: कोठे यंत्र नेऊ नये, काही सापडले तर जागेवरून न हलवता कोणाला कळवावे. अशा पानासकट मी माझ्या यंत्राच्या चार पानांचा मराठी मजकूर लिहून द्यायला तयार आहे.

हलशीचे रहिवासी:
पाचवे पान मी लिहीन, परंतु ते पहिले पान असावे. आवाजांच्या तक्त्यात तांब्याच्या पत्र्याची ओळख शिकवणारी ओळ असेल, तर ती वगळावी, ही माझी अट आहे. बाकी मतभेद कायम आहे.

शहापूरचे दुरुस्तीकार:
तांब्याची ओळ वगळण्यास माझी हरकत नाही, कारण घरची तांब्याची वाटी ज्याला ऐकायची आहे तो ऐकेलच. शिक्षिकाबाईंचा सेलचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. उलट्या सेलांनी गेलेली दोन यंत्रे आत्ताही माझ्या फळीवर आहेत. बाईंनी वडिलांचे यंत्र टाकून दिले नसेल, तर निपाणीहून येणाऱ्या कोणाच्या हाती पाठवून द्यावे. सर्किटमध्ये संरक्षणाचा एखादाच डायोड, म्हणजे उलटा प्रवाह अडवणारा छोटा भाग, जळला असेल, तर ते अजून उठेल. पट्टीवरचा मॉडेल क्रमांक वाचता येत असेल तर सोबत लिहून पाठवावा. मला पुस्तिका नको, पण क्रमांक हवा.