बेळगावात दोन रात्री: शांत खोली, कमळ बस्तीचे फोटो आणि ताजा कुंदा, सल्ला हवा

निपाणीची_लेक: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई नि मी बेळगावला येतोय. रात्री हॉर्न ऐकू येणार नाहीत अशी खोली हवी, १,२०० च्या आत. किल्ल्यातल्या कमळ बस्तीच्या (जुनं जैन मंदिर) छतातलं दगडी कमळ नीट टिपायचंय. मागच्या खेपेला आत अंधार, सगळे फोटो हलले. जवळ क्रॉप सेन्सरचा (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा नि १८-५५ मिमी लेन्स आहे. नवीन काही घ्यायचं तर ५,००० च्या वर नको. आणि आईला ताजा कुंदा कुठं मिळेल?

खडेबाजार: खोली कॅम्पातच घ्या, झाडी आहे, शांत आहे. अडीच हजारांत चांगली मिळते. कॅमेऱ्याचं म्हणाल तर मी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा घेतला, १,४०,००० गेले, पण अंधाराची काळजी मिटली. तुम्हीही तोच बघा.

टिळकवाडी_काका: पोरी, बसस्टँडजवळ मात्र उतरू नको. आमच्या पाहुण्यांना तिथं खोली घेऊन दिली, पहाटे चारला सगळे उठून बसलेले! टिळकवाडीत आतल्या गल्लीत बघ. कुंदा घेताना "आजचा हाय काय?" विचारायचं, मगच तोलायला सांगायचं. दूध आटवताना दही घालतात म्हणून तो दाणेदार होतो, आणि साखर करपवून रंग येतो.

हिंडलगेकर: काका, साखर करपवायची नसते. आमची आई दूधच इतकं आटवायची की आपोआप तांबूस व्हायचं. साखर शेवटी.

टिळकवाडी_काका: मी पन्नास वर्षं कुंदा खातोय.

गोकाकचा_पाहुणा: कुंदा लवकर संपवावा लागतो. त्यापेक्षा गोकाकचं करदंट न्या. डिंक, गूळ, सुकामेवा, बरेच दिवस टिकतं. आणि पावसाळ्यात येत असाल तर घटप्रभेचा धबधबा नि झुलता पूल सोडू नका.

खानापूरवाला: ताई, कमी उजेडात चालते म्हणून कुणी ५० मिमीची जुनी लेन्स सुचवेल, ती घेऊ नका म्हणून सांगतो. मी साडेचार हजारांना घेतली, घरी येऊन बघतो तर आत बुरशी. आपल्याकडच्या पावसात कपाटात राहिलेल्या लेन्सला ती धरतेच. घ्यायचीच असेल तर मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं बघा, जाळ्यासारखं दिसलं तर परत द्या.
आणि कमळासाठी ५० चा उपयोगही नाही, अख्खं बसणार नाही. कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवा, लेन्सचं तोंड छताकडे, खाली रुमाल. लेन्स १८ वर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी फोटो हलत नाही, कारण कॅमेऱ्याला हातच लागत नाही. बस्ती १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. पूजा चालते, तेव्हा आधी तिथल्या माणसांना विचारा.

खडेबाजार: खोली कॅम्पातच घ्या. फुल फ्रेमला जमिनीवर ठेवावं लागत नाही.

हिंडलगेकर: कॅम्पात लष्कराची हद्द आहे, तिथं कॅमेरा पिशवीतच ठेवा ताई. आणि फुल फ्रेमचं ऐकू नका, त्यांनी ५,००० म्हटलंय की.

निपाणीची_लेक: सगळ्यांचे आभार. खानापूरच्या दादांची युक्ती काल देवघरात करून बघितली. छताच्या वाशांतल्या गाठीसुद्धा स्पष्ट आल्या. कमळाचं काम झालं.
तरी ५० ची लेन्स घेतेय, जुनीच, टॉर्च मारून. शहापुरात आईची मैत्रीण मांडे करते, पहाटे साडेपाचला चूल पेटवते. तिच्या हातांवर मांडा पसरत जातो, मग पालथ्या खापरावर पडतो, तो क्षण मला चुलीच्या उजेडातच हवाय. म्हणून खोलीही शहापुरातच घेतली, रस्त्यावरची, ९००. आवाज असेल. आई म्हणाली, झोप निपाणीत आहेच.
कुंदा आजचा आहे का ते मात्र विचारीन, काका.