उंचीपेक्षा दम पाहा
बास्केटबॉलमध्ये बुटका पंच उंच खेळाडूंवर जास्त फाऊल देतो असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. रिंग ३.०५ मीटरवर, सहा फुटी पंचाचा डोळाही तिच्या सव्वा मीटरहून जास्त खालीच. गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणारा चेंडू नियमाबाहेर अडवणं) पकडायला चेंडूमागून येणाऱ्या, म्हणजे मागच्या पंचाने बाजूचा कोन धरला की उंची गौण ठरते.

फरक पडतो तो दमाचा. आपल्याकडे लातूर-परभणीकडच्या सिमेंटच्या कोर्टवर, एप्रिलच्या उन्हात दोनच पंच असले की फास्ट ब्रेकला (चेंडू मिळताच केलेल्या झटपट हल्ल्याला) मागच्याला २८ मीटरच्या मैदानावर धावत चेंडूआधी समोरची बेसलाइन, म्हणजे रिंगमागची रेषा गाठावी लागते. चौथ्या क्वार्टरला तो फ्री थ्रो रेषेपाशीच थांबतो, समोर बचावपटूची नुसती पाठ. बचावपटू आणि चेंडूवाला यांच्यामधली फट दिसत नाही, मग हाताचा आवाज ऐकून शिट्टी. पोट सुटलेल्यांचं तर विचारूच नका!