मदत हवी आहे: युरिया टाकलेल्या सोयाबीनला गाठी नाहीत. अडवतंय कोण, झाड की जिवाणू?

नमस्कार मंडळी. मी निपाणीकडचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी पूर्वी तंबाखू असायचा, आता ऊस आणि पावसाळ्यात सोयाबीन. पीक फुलावर आलंय. बांधालगतच्या पट्ट्याला यंदा युरिया पुरला नाही. तिथलं रोप उपटलं तर मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी (यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात), नखानं फोडल्या की आत लालसर. मधल्या तुकड्यात आबांनी युरिया सढळ हातानं फेकलाय. तिथं गाठी तुरळक, बारीक, आतून पांढरट. आबांचं म्हणणं, "मुळं कसली उपटतोस, पानं बघ की!" पानं मधलीच जास्त हिरवी आहेत, हे खरं.

वर्गात शिकलो ते असं: मुळांतून डेडझीन, जेनिस्टीन ही द्रव्यं पाझरतात, ब्रॅडीरायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूचं नॉड-डी प्रथिन ती ओळखतं, गाठीसाठी लागणारी नॉड जीन्स चालू होतात, जिवाणू नॉड फॅक्टर हा रासायनिक इशारा सोडतो आणि मूळरोम वळून त्याला आत घेतो. मग युरियातून मातीत होणारं नायट्रेट भरपूर असलं की लॅक ओपेरॉनसारखं (जिवाणूतला गरजेप्रमाणे चालू-बंद होणारा जीन्सचा गट) जिवाणूच काहीतरी बंद करतो, की झाड नको म्हणतं? आणि आता जिवाणू खत सोडून उपयोग आहे का?

पानवाला: मुख्य लगाम झाडाच्या हातात. गाठी धरू लागल्या की मूळ सीएलई पेप्टाइड्स (निरोप नेणारे छोटे प्रथिनाचे तुकडे) वर पानाकडे पाठवतं. पानातलं नार्क हे ग्राहक प्रथिन ती ओळखतं आणि खाली निरोप येतो की आता पुरे. नायट्रेट असलं की मुळाच्या आतच निक-1 नावाचं तसलंच पेप्टाइड तयार होतं, आणि तेही नार्कमार्फतच काम करतं, पण मुळातल्या मुळात. 1985 साली सोयाबीनच्या ब्रॅग वाणात असे म्यूटंट (जीन बदललेली झाडं) सापडले की नायट्रेट घातलं तरी गाठीच गाठी. त्यांचा नार्क जीन बिघडलेला, हे 2003 साली कळलं. पण गाठी वाढल्या म्हणून उतारा वाढला नाही. झाडाची साखर गाठींतच जाते.

जिवाणूचं नियंत्रण आहे, पण ते गाठीच्या आत. तिथं ऑक्सिजन कमी झाला की जिवाणूचं फिक्स-एल प्रथिन ते ओळखतं, फिक्स-जे या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि नायट्रोजन पकडायची जीन्स चालू होतात. नायट्रोजन पकडणाऱ्या नायट्रोजनेज या विकराला ऑक्सिजन सोसत नाही ना. तू पाहिलेला लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा (गाठीतलं ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन), म्हणजे ती गाठ कामावर आहे.

खानापूरकर: आता फुलावर खत सोडून पैसे घालवू नका. पुढच्या वेळी पेरणीआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा. सोबत बुरशीनाशक असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आमच्या तांबड्या आंबट जमिनीत चुन्याशिवाय गाठी नीट धरत नाहीत, तुमच्याकडं काळी आहे, तो त्रास नसावा. आणि आबांशी भांडू नका, पेरणीला थोडं नत्र लागतंच.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. कॉलेजात पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवून जीन तपासायचं) आहे, पण रसायनं मागितली की पुढच्या सेमिस्टरचं आश्वासन मिळतं. यंत्राशिवाय हे दाखवता येईल?

पानवाला: येईल. रोपाचं सोटमूळ खुडून बाजूला फुटणारी मुळं दोन कुंड्यांत वाट. धुतलेली वाळू घे, शेतातली माती नको. दोन्हीकडे जिवाणू, एकाच कुंडीत नायट्रेट: त्याच कुंडीत गाठी कमी दिसतील. दुसऱ्या रोपाला नायट्रेट नको, फक्त एका बाजूला जिवाणू आधी, दुसरीकडे आठवड्यानं. उशिराची बाजू मार खाते, हे 1984 पासून माहीत आहे. पहिला लगाम मुळातल्या मुळात, दुसरा पानामार्फत. दोन्ही रोपांचे फोटो इथं टाक.