मदत हवी आहे: गोडोव्स्कीचा फक्त डाव्या हाताचा एत्यूद (पियानोच्या सरावासाठीची रचना)

उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, दीड महिना तरी निघायचं नाही. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून लिओपोल्ड गोडोव्स्कीचं पुस्तक काढलं. 1870 साली आजच्या लिथुआनियात, विल्नियसजवळच्या झास्लिआईत जन्मलेला हा ज्यू पियानिस्ट बराचसा स्वतःच शिकला, आणि पुढे शिकागो, व्हिएन्नात शिकवू लागला. नामवंत पियानो शिक्षक नॉयहाउस त्याचाच शिष्य, म्हणजे नॉयहाउसकडे शिकलेले पियानिस्ट रिख्टर आणि गिलेल्स त्याची नातवंडं झाली की! संगीतकार शोपँच्या एत्यूदांवर त्याने 53 अभ्यास रचले, त्यांतले 22 एकट्या डाव्या हातासाठी. 1930 साली लंडनमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि मैफली थांबल्या. वाचून जीव कळवळतो.

मी घेतलाय तो शोपँच्या ओपस 10 या संचातल्या सहाव्यावरचा, ई फ्लॅट मायनरचा. चाल अंगठ्याकडे येते, ते जमतंय. पण खालचा बेस वाजवून वर उडी मारेपर्यंत स्वर लांबवणारं पेडल सोडलं तर बेस तुटतो, धरलं तर सगळा चिखल. तुम्ही इथे अर्धं पेडल (अर्धवटच दाबलेलं) वापरता का? की उडीच्या जागी स्वर पसरून, आर्पेजिओसारखे एकापाठोपाठ घेता? शिवाय वीस मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. एकच हात धड उरलाय, तोही घालवायचा नाहीये. कोणी बसवलाय का हा?