लग्न इथे, संसार तिकडे: जोडीदाराच्या व्हिसाचे अनुभव

मंडळी, गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. लग्नाला वीस दिवस झालेले, नवरा रजा संपवून परत गेलेला आणि हिच्या हातात कागदांची लांबलचक यादी. "ताई, यातलं आधी काय करू?" मी तासभर बोलले, पण मला माहीत होता तो एकच देश, तोही नऊ-दहा वर्षांपूर्वीचा. म्हणून तुम्हाला लिहायला बोलावते आहे. देश कोणता, साल कोणतं, जोडीदार कोणत्या परवान्यावर होता, कुठे अडलं आणि कसं सुटलं, एवढं सांगा. साल विसरू नका, कारण नियम बदलत राहतात. सुरुवात माझ्यापासून.

पुणे ते स्टुटगार्ट, २०१६

नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय नोकरीचा परवाना, असता तर माझं काम सोपं होतं, कारण ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला निघण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. त्याच्याकडे साधा नोकरीचा परवाना होता. हे आम्हाला लग्नानंतर कळलं. साखरपुड्याला आठ महिने झाले होते, तेव्हाच क्लास लावला असता तर लग्न होईपर्यंत परीक्षाही झाली असती.

मग मॅक्सम्युलर भवनात ए-१ चा, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीचा, क्लास. सकाळी सात वाजता, माझ्यासारख्या आणखी चार नवविवाहिता. १०० पैकी ६० गुण हवेत. वाचणं, ऐकणं जमलं, तोंडी परीक्षेत मात्र 'तुम्ही काय काम करता' या साध्या प्रश्नाला माझा आवाज फुटेना. मी सासरी स्वयंपाक करताना भाज्यांची नावं जर्मनमध्ये म्हणायचे आणि सासूबाई माझी उजळणी घ्यायच्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण मी अडखळले की लगेच ओळखायच्या. ७४ गुण मिळाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

अर्ज मुंबईत दिला की फाइल नवऱ्याच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाते. घर दोघांना पुरेसं आहे का, पगारात दोघांचं भागेल का, हे तिथे पाहतात. तो एका खोलीत भाड्याने राहत होता, ती बदलावी लागली. अर्ज दिल्यापासून उत्तर यायला साडेतीन महिने लागले.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तिथे गेल्यावर मिळालेल्या कार्डावर काम करायची मुभा आहे असं स्पष्ट छापलेलं होतं. मी ती ओळ चार वेळा वाचली. पुढची तीन वर्षं भाषा शिकण्यात गेली ते वेगळं, पण दार बंद नव्हतं. व्हिसा मिळेल का हे सगळे विचारतात. तिकडे गेल्यावर मला काम करता येईल का, हा प्रश्न लग्न ठरतानाच विचारायला हवा. खालचा अनुभव वाचलात की मी हे इतकं कळवळून का म्हणते ते कळेल.

नाशिक ते डॅलस, २०२० ते २०२१

आमचं लग्न फेब्रुवारी २०२० मध्ये झालं. तो एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाणार. सोळा दिवस एकत्र राहिलो आणि तो परत गेला. माझी मुलाखत एप्रिलमध्ये मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं.

पुढचं सांगताना अजूनही घसा दाटतो. जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि एच-१बी, एच-४ आणि कंपनीतल्या बदलीचा एल हे व्हिसे वर्षअखेरपर्यंत थांबले. मग ती मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढली. ती संपली, तोवर आपल्याकडे दुसरी लाट आली आणि मे २०२१ पासून भारतातून थेट येणाऱ्यांना अमेरिकेत प्रवेश बंद झाला. तो ८ नोव्हेंबरला उघडला. मी डिसेंबरमध्ये पोचले. बावीस महिने. पहिली मंगळागौर मी माहेरी व्हिडिओ कॉलवर पूजली. सासरे रुग्णालयात होते तेव्हा त्यांच्याजवळ मी होते, त्यांचा मुलगा नव्हता. तो आला असता तर परत जाता आलं नसतं.

त्या काळात एकाने 'आतून ओळख आहे' म्हणून पैसे मागितले. वडील द्यायला निघाले होते. मुलाखतीची तारीख फक्त अधिकृत संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यातून मिळते, कुणाच्याही ओळखीने नाही. कृपा करून कुणी असे पैसे देऊ नका.

मी बी. फार्म. आहे, नाशिकला औषध कंपनीत गुणवत्ता विभागात चार वर्षं काम केलं. एच-४ वर शिकता येतं, बँकेत खातं उघडता येतं, गाडीचा परवाना काढता येतो, नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीनकार्डाच्या वाटेतला आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा त्याला एच-१बी वर सहा वर्षांच्या पुढे त्या वाटेवरची मुदतवाढ मिळालेली हवी. आमचा आय-१४० २०२३ मध्ये झाला. तोवर मी रोज सकाळी त्याचा डबा भरून दार लावून घ्यायचे आणि दिवस समोर तसाच उभा असायचा. वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम विनामोबदला धरलं, त्याने मला सावरलं. आता प्रयोगशाळेत नोकरी करते. पहिला पगार झाला त्या दिवशी मी आईला फोन करून फक्त रडले.

सांगली जिल्हा, मुलगी शारजाला

मी मुलीचा बाप. कागदांसाठी मीच फिरलो म्हणून लिहितो. लग्न गावात झालं, नोंदणी ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकांनी दाखला दिला, त्यावर जावयाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळं. माझ्या लक्षात आलं नाही. मुंबईत मंत्रालयात साक्षांकनाला गेलो तिथे कळलं. परत गाव, दुरुस्ती, परत मुंबई. रात्रीच्या गाडीने दोन खेपा झाल्या.

अमिरातीसाठी अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत थेट मान्य होणारं साक्षांकन, चालत नाही. दाखल्यावर आधी राज्याचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या दूतावासाचा आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. जावयाचा पगार ४,००० दिरहम असला, किंवा ३,००० आणि राहायची सोय असली, की तो बायकोला बोलावू शकतो. बाकी वैद्यकीय तपासणी वगैरे तिकडेच झालं. शिक्के झाल्यावर तीन आठवड्यांत मुलगी गेली. दाखला हातात घेताना पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा, एवढंच माझं सांगणं.

पुन्हा मी, स्टुटगार्टवाली. काकांनी स्पेलिंगचा विषय काढला म्हणून नावाबद्दलही इथेच लिहिते, कारण तीन जणींनी तेच विचारलं आहे. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, काही घरांत तर मुलीचं नावही नवं ठेवतात. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव सासरच्यांनी प्रेमाने जरूर ठेवावं. पासपोर्ट, पदव्या आणि विवाह दाखला यांवर मात्र शक्य असेल तर एकच नाव राहू द्या, ते जन्माचं असलं तरी चालतं. मी माझं बदललं नाही. माझ्या मैत्रिणीने बदललं आणि जुनी ती नवीच हे सांगायला राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि भाषांतर यांत तिचे दोन महिने गेले.

डिचोली, गोवा ते स्विंडन, २०२१

आमच्याकडे ही वाट वेगळी आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो. नवऱ्याच्या आजोबांची जन्मनोंद शोधून, लिस्बनला नोंदवून, घरातल्या तिघांनी ते पासपोर्ट घेतले. तो २०१६ पासून स्विंडनला. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्याची बायको म्हणून मला जाणं फार सोपं होतं.

लग्न ठरलं होतं मे २०२० मध्ये. टाळेबंदीमुळे पुढे ढकललं, पुन्हा ढकललं, शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये केलं. जुन्या सवलतीसाठी लग्न ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालेलं हवं होतं. साखरपुडा धरत नाहीत. गोव्यात विवाह हा निबंधकांपुढचा दिवाणी करार असतो, आधी जाऊन एक सही करायची, मग काही दिवसांनी दुसरी. त्या दोन सह्या आम्ही डिसेंबरमध्येच करून विधी नंतर केले असते तर? हा विचार मी किती रात्री केला असेल. पण सगळ्या नातेवाइकांशिवाय लग्न नको, असं तेव्हा मीच म्हटलं होतं.

मग सरळ जोडीदार व्हिसा. तेव्हा त्याचं वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड दाखवावं लागे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना ते २९,००० झालं आहे. बायकोचा भारतातला पगार त्यात मोजत नाहीत. तो गोदामात कामाला, जादा पाळ्या करून त्याने आकडा गाठला. सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवरची रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम पै न् पै जुळायला हवी. माझी इंग्रजीची ए-१ परीक्षा, क्षयरोगाची तपासणी आणि वर आरोग्य अधिभार. तो अधिभार आता वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि पहिल्या व्हिसाचा, तीन वर्षांचा धरून, एकदम भरावा लागतो. व्हिसा मिळतो ३३ महिन्यांचा, मग ३० महिन्यांची वाढ, पाच वर्षांनी कायम. आमची पाच वर्षं भरत आली आहेत.

कोल्हापूर ते आइंडहोवन, २०२२

मी पुरुष आहे आणि बायकोच्या व्हिसावर नेदरलँड्सला आलो. कागदोपत्री फार सोपं गेलं: तिच्या कंपनीने तिच्याबरोबर माझाही अर्ज केला, विवाह दाखल्यावर अपोस्टिल घेतलं, कार्डावर काम करायची पूर्ण मुभा. अवघड होतं ते घरी. 'तू तिच्या मागे जाणार?' हे मला चुलत्यांनी, मित्रांनी, सोसायटीच्या वॉचमननेही विचारलं. वडिलांनी एकदाही विचारलं नाही. विमानतळावर त्यांनी बायकोला सांगितलं, "याला सांभाळ, नवीन गावात बावरतो." तिला आजही ते आठवलं की डोळे भरतात. असं जाणाऱ्या मुलांनी मला जरूर विचारा, मी मोकळेपणी बोलेन.

अहिल्यानगर ते ब्रॅम्प्टन, २०१९

आमचं लग्न दोन्ही घरांना मान्य नव्हतं. नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदार, दोन हार आणि मोबाइलवर काढलेले सात फोटो. तो कॅनडाचा कायम रहिवासी. अर्जाच्या प्रश्नावलीत विचारतात: लग्नाला कोण होतं, आईवडील आले का, समारंभ झाला का, एकमेकांच्या घरच्यांना कधी भेटलात. आमच्याकडे बहुतेक उत्तरं 'नाही' अशी होती आणि आम्ही ती तशीच लिहिली, कारण न सांगितल्याने शंका वाढली असती. तरी पत्र आलंच: हे लग्न खरं आहे याबद्दल आमची खात्री पटत नाही, मुदतीत उत्तर द्या.

आम्ही उत्तरात समारंभ सजवायला गेलो नाही. आईवडील का नव्हते ते दोन पानांत लिहिलं. कॉलेजातल्या एन.एस.एस. शिबिराचा फोटो लावला, ज्यात आम्ही दोघं सहा वर्षांपूर्वी शेजारी उभे आहोत. तो दर वर्षी येऊन भेटला त्या तिकिटांच्या प्रती, माझ्या आजारपणात त्याने पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, साक्षीदारांपैकी दोघांची पत्रं. आणि माझ्या आजीचं पत्र. घरातून फक्त तीच आमच्या बाजूची होती. तिने मराठीत लिहिलं, "पोरगा दर दिवाळीला मला फोन करतो." त्याचं रीतसर भाषांतर करून जोडलं. चौदा महिन्यांनी व्हिसा मंजूर होऊन शिक्क्यासाठी पासपोर्ट मागवला.

आजी गेली. मूळ पत्र माझ्याकडे आहे, अर्जाला प्रत जोडली होती. तुम्हीही मूळ कागद कधीच हातचे सोडू नका.

मामेबहीण, पुणे

ताई, सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. दाखल्यावर दोघांचीही नावं पासपोर्टप्रमाणेच घालायची असं ठरलं. नोंदणीला सोमवारची वेळ मिळाली आहे. भटजींनी आधार कार्डाची प्रत दिली, लग्नपत्रिका आहे. दोन साक्षीदार ठरले, तिसरा शोधते आहे. तू सोमवारी मोकळी नसशील ना इतक्या लांबून, पण फोन चालू ठेव.